सार्वजनिक जागा आणि हेमलकशाचे अंगण

मराठी भाषेत ‘सार्वजनिक’ हा शब्द जितक्या अभिमानाने वापरला गेला तितक्या अभिमानाने वापरलेले शब्द थोडेच सापडतील. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली आणि तिच्या एका कर्त्या पुरुषाला, गणेश वासुदेव जोशी यांना, लोकांनी ‘सार्वजनिक काका’ हे नावच देऊन टाकले. जोतीराव फुले यांनी आपल्या अखेरच्या ग्रंथाच्या नावात हाच शब्द घातला. तो ग्रंथ त्यांच्या पश्चात १८९१ साली प्रसिद्ध झाला. पुढे दोन वर्षांनी गणपती देवघरातून मांडवात आला तोही सार्वजनिक होऊनच. शब्द एक, परंतु त्यातील ‘सर्व जन’ मात्र तिन्ही ठिकाणी एक नव्हते. सभेचे सर्व जन मुखत्यारपत्राने नेमलेल्या प्रतिनिधींच्या द्वारे बोलत होते. फुल्यांच्या सर्व जनांत स्त्रिया, शूद्र, अतिशूद्र आणि परदेशस्थ या सर्वांसह यच्चयावत मानवजात येत होती. उत्सवाचे सर्व जन पुष्कळदा त्या आळीतील वर्गणीदारांपुरते मर्यादित राहिले. आज शहरातील एखाद्या बागेच्या फाटकावर ‘सार्वजनिक उद्यान’ ही पाटी वाचताना या तिघांपैकी कोणते सर्व जन तिला अभिप्रेत आहेत, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

त्याचे उत्तर मोठ्या पाटीवर नसते. तिच्याखालच्या लहान पाट्यांवर असते. फेरीवाल्यांस मज्जाव आहे. बाकावर झोपू नये. हिरवळीवर बसू नये. बाग अमुक वेळेत बंद राहील. या सूचनांपैकी प्रत्येकीला काही ना काही कारण आहे, आणि ते कारण नेहमीच खोटे असते असेही नाही. परंतु त्या सगळ्या एकत्र वाचल्या म्हणजे एक आकृती डोळ्यांपुढे उभी राहते. ज्याच्या घरी पंखा आहे, पलंग आहे, पाण्याचा नळ आहे, त्याने सकाळ-संध्याकाळ घटकाभर फिरून जावे यासाठी ही बाग आहे. ज्याच्या घरी यांतले काहीच नाही, त्याला ज्या वेळी सावलीची खरी गरज असते, त्या भर दुपारी फाटकाला कुलूप असते.

शहरातील जागा स्वागतशील कशा कराव्यात आणि सुरक्षित कशा कराव्यात, या विषयावर अलीकडे पुष्कळ लिहिले-बोलले जाते. त्या चर्चेत सुरक्षिततेचा अर्थ बहुधा एकच गृहीत धरलेला असतो : आपल्याला भीती वाटू नये. आपली भीती इतरांना वाटत असेल काय, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच उपस्थित होतो. मराठीत या दुसऱ्या प्रश्नाभोवती रचलेले एक पुस्तक आहे. ते पुष्कळांच्या घरी आहे, पुष्कळांनी ते डोळे ओले करून वाचलेही आहे. परंतु या प्रश्नाचे पुस्तक म्हणून त्याच्याकडे पाहिले गेले आहे असे आम्हांस वाटत नाही. ते पुस्तक म्हणजे डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ (समकालीन प्रकाशन, पुणे, २००९).

नगरातील बागेचा विचार करण्यासाठी अरण्यातल्या दवाखान्याची हकीकत वाचायला घ्यावी, हे वरवर पाहता विपरीत वाटेल. नगररचनेवर ग्रंथ थोडे नाहीत. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे पहिले प्राध्यापक म्हणून आलेले पॅट्रिक गेडिस यांनी हिंदुस्थानातील अनेक शहरांवर अहवाल लिहिले आणि जुन्या वस्त्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यापेक्षा वस्तीतला लहान चौक, झाड, विहीर, देऊळ राखून सुधारणा करावी, असे परोपरीने सांगितले. त्यांचे म्हणणे आजही शिळे झालेले नाही. परंतु गेडिस यांच्या अहवालांत जागा कशी असावी हे सापडते. भ्यालेला मनुष्य त्या जागेत पाऊल कसा टाकतो, हे सापडत नाही. ते सापडते हेमलकशात.

हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे, तरी तिच्यातील आपल्या विषयापुरता भाग येथे सांगणे अवश्य आहे. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला. हा मुलूख त्या काळी चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. गडचिरोली हा वेगळा जिल्हा पुढे १९८२ साली झाला. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमाजवळचा हा प्रदेश पावसाळ्यात पुराने तोडला जातो. आजही तेथील मोठ्या पुराच्या बातम्या दरसाल येतात. प्रकाश आमटे आणि त्यांच्या पत्नी मंदाकिनी, दोघेही डॉक्टर, १९७४ साली तेथे राहावयास गेले. वस्ती माडिया गोंडांची होती. रोगांना तोटा नव्हता, औषधे होती, डॉक्टरही होते. तरीही रोगी येईना.

येथेच या पुस्तकाचे मर्म आहे. माडियांच्या दृष्टीने अंगभर कपडे घातलेला परका मनुष्य म्हणजे जंगलखात्याचा शिपाई, सावकार, कंत्राटदार किंवा पोलीस. असा मनुष्य दिसला की पळून जावे, हा त्यांचा अनुभवाने आलेला शहाणपणा होता. डॉक्टर मनाने कितीही चांगले असोत, मनाचा चांगुलपणा दुरून दिसत नाही. दुरून कपडे दिसतात. तेव्हा येथे सुरक्षिततेचा प्रश्न उलट्या बाजूने उभा राहिला. भीती यजमानाला वाटत नव्हती. यजमानाची भीती पाहुण्याला वाटत होती. ती घालवण्याची जबाबदारी पाहुण्यावर टाकणे सोपे होते. अडाणी आहेत, देवभोळे आहेत, त्यांना सुधारले पाहिजे, असे म्हणून एखादा सद्गृहस्थ परत फिरला असता आणि समाजाने त्याला दोष दिला नसता.

आमटे दांपत्याने ती जबाबदारी स्वतःकडे घेतली. त्यांनी काय केले याची यादी केली तर ती बांधकामाची यादी होत नाही. ती त्यागाची यादी होते. राहती झोपडी दार नसलेली होती; तीत वीज नव्हती आणि एकांतही नव्हता. आरंभीचे उपचार उघड्यावर, रस्त्याच्या कडेला झाले. थंडीत ऊब मिळे ती लाकडांच्या शेकोटीची. डॉक्टरांनी अंगावरचे कपडे कमी केले. बनियन आणि आखूड पांढरी चड्डी हा पुढे त्यांचा कायमचा वेष झाला. लिपी नसलेली माडिया भाषा त्यांनी ऐकून ऐकून आत्मसात केली. उपचाराचे मोल घेतले नाही. अपस्माराच्या झटक्यात भाजलेला आणि जखमा चिघळलेला एक मुलगा, मेंदूला चढलेल्या हिवतापाने मरणाच्या दारी गेलेला एक मनुष्य, असे रोगी बरे झाले तेव्हा कोठे विश्वासाची पहिली पालवी फुटली. १९७५ साली स्विस साहाय्याने लहानसे इस्पितळ उभे राहिले आणि १९७६ साली शाळा सुरू झाली. पुढे त्याच शाळेत आमटे यांची स्वतःची मुलेही माडिया मुलांच्या शेजारी बसून शिकली. २००८ साली दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दार, कपडे, भाषा, मोबदला, आणि आपल्या मुलांसाठी वेगळी शाळा शोधण्याचा मोह : यजमानाने एवढ्या गोष्टी सोडल्या तेव्हा ते अंगण पाहुण्याला आपले वाटले. स्वागताचे खरे माप येथे मिळते. पाहुण्याला आत येण्यासाठी किती बदलावे लागते आणि यजमान किती बदलतो, या दोहोंच्या प्रमाणावर जागेचे सार्वजनिकपण अवलंबून असते. आमच्या शहरी बागांत हे प्रमाण नेमके उलटे आहे. तेथे यजमान, म्हणजे आपण मध्यमवर्गीय करदाते, यत्किंचितही बदलत नाही. आणि येणाऱ्याने मात्र कपडे, बोलणे, बसण्याची रीत आणि येण्याचे कारण या सर्वांची आधी परीक्षा द्यावयाची असते.

आता पुस्तकाच्या गुणदोषांविषयी. ‘प्रकाशवाटा’ची भाषा साधी, सांगितल्यासारखी आहे. तीत अलंकार नाहीत, आणि अशा पुस्तकात शिरण्याची ज्याची सदैव भीती असते तो आत्मगौरवही बेताचाच आहे. दिवसाउजेडी जे करावयाचे ते कंदिलाच्या उजेडात कसे केले, पुस्तकात पाहून शस्त्रक्रिया कशी केली, हे लेखक ज्या स्वरात सांगतात तो स्वर एखाद्या शेतकऱ्याने पेरणीची हकीकत सांगावी तसा आहे. हा संयम हेच पुस्तकाचे खरे वाङ्मयीन सौंदर्य होय. भावनेचे उमाळे आणून वाचकाला रडवणे लेखकाला सहज शक्य होते. त्यांनी ते टाळले आणि वाचक रडला तो आपण होऊन.

परंतु एक उणीव दाखवल्यावाचून राहवत नाही. हे अंगण आपल्याला सर्वस्वी यजमानाच्या बाजूने दिसते. माडिया मनुष्य पुस्तकात येतो तो बहुधा रोगी म्हणून, विद्यार्थी म्हणून किंवा शिकारी म्हणून. मेलेल्या आईच्या उराशी बिलगलेले माकडाचे पिलू शिकाऱ्यांकडून मागून घेतले आणि त्यातून पुढे प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले, हा प्रसिद्ध प्रसंग घ्या. तो लेखकाच्या करुणेचा प्रसंग म्हणून आपण वाचतो. पण भुकेच्या दिवसांत हाती आलेले अन्न एका परक्याच्या शब्दाखातर सोडून देणाऱ्या त्या माणसांच्या मनात काय आले असेल? त्यांचेही ते औदार्यच नव्हते काय? त्या दारी नसलेल्या दारातून आत पाऊल टाकताना पहिल्या रोग्याला काय वाटले, हे आपणांस कोणी सांगत नाही. आत्मवृत्ताला ही मर्यादा स्वभावतःच असते, हे मान्य. तथापि मर्यादा आहे हे वाचकाने विसरू नये.

वाचकांनी ती विसरली, आणि चित्रपटाने तर पुसूनच टाकली. २०१४ साली समृद्धी पोरे यांनी नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांना घेऊन काढलेला चित्रपट प्रामाणिक आहे. परंतु त्याच्या नावातच ‘द रिअल हिरो’ हे शब्द आहेत, आणि त्या शब्दांत सगळा घोटाळा आहे. नायकाला प्रेक्षक लागतात. अंगणाला शेजारी लागतात. प्रेक्षक टाळी वाजवून घरी जातो. शहरांतून हेमलकशाच्या सहली निघतात, लोक श्रद्धेने तेथे जातात, देणगी देतात आणि परत येऊन आपल्या गृहसंस्थेच्या सभेत, कामाला येणाऱ्या बायकांनी आवारातल्या बाकावर बसू नये, या ठरावाला हात वर करतात. यात ढोंग आहे असे आम्ही म्हणत नाही. आदर आणि अनुकरण यांची आपण ताटातूट करून टाकली आहे, एवढेच म्हणतो. देवाला हार घालावा आणि देवासारखे वागण्याची अपेक्षा कोणी करू नये, ही आपली जुनीच सवय आहे.

माडियांना सार्वजनिक जागेचा पहिला धडा आमट्यांनी दिला, असाही समज या वाचनातून होण्याचा संभव आहे; तो तर सर्वथा चुकीचा आहे. गोंडांच्या गावात गोटुल ही संस्था फार पूर्वीपासून आहे. बस्तरमधील मुरियांच्या गोटुलावर व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून शहरी वाचकांची दृष्टी तेथील तरुण-तरुणींच्या मोकळ्या सहवासावर जी खिळली ती आजतागायत सुटलेली नाही. कोणी त्यावरून नाके मुरडली, कोणी त्याचे स्वप्नरंजन केले. इंद्रावतीच्या अलीकडच्या माडियांचे रिवाज मुरियांहून वेगळे आहेत, हे दोघांनीही पाहिले नाही. आणि गोटुल हे मुळात गावाचे सामाईक घर आहे, तेथे सभा भरते, निवाडा होतो, परगावचा पाहुणा उतरतो, ही साधी गोष्ट दोघांच्याही ध्यानात राहिली नाही. ज्या वस्तीत प्रत्येकाचे घर लहान असते तेथे एक घर सर्वांचे असावे लागते. शहरातील चाळीच्या चौकाला आणि गावातील पाराला हे तत्त्व ठाऊक होते.

या गोटुलाची अर्वाचीन कथा वाचावयाची तर मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक ‘प्रकाशवाटा’च्या शेजारी ठेवावे. मेंढा हे गडचिरोली जिल्ह्यातीलच, धानोरा तालुक्यातले लहानसे गोंड गाव. या गावाने मोडकळीस आलेली गोटुलाची प्रथा पुन्हा उभी करण्याचे ठरवले आणि त्यासाठी जंगलातून लाकूड आणले, तेव्हा वनखात्याने ते बांधकाम पाडून टाकले. त्यावर आसपासच्या गावांनीही आपापल्या गावी गोटुल बांधावयास घेतले आणि खात्याला माघार घ्यावी लागली. सामाईक घर पाडले गेले म्हणून सामाईक घरे वाढली, असा हा प्रसंग आहे. याच मेंढ्याने पुढे गावाचे सर्व निर्णय ग्रामसभेत एकमताने घेण्याची रीत पाडली आणि २००९ साली वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. बोकीलांचे पुस्तक कथेच्या सोप्या ओघाने हे सारे सांगते. आणि मुख्य म्हणजे त्यात गोंड माणूस यजमान म्हणून उभा आहे. ‘प्रकाशवाटा’त जी बाजू अंधारात राहते तिच्यावर या पुस्तकाने उजेड पडतो.

त्याच जिल्ह्यातील तिसरे उदाहरणही येथे जोडण्यासारखे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने शोधग्राम येथे इस्पितळ काढावयाचे ठरवले तेव्हा त्यांनी आधी लोकांनाच विचारले. लोकांना इमारतीची भव्यता भिववीत होती. पांढरे कपडे त्यांना मढ्याची आठवण देत. रोग्याला नातलगांपासून तोडणे त्यांना अमानुष वाटे. आणि जेथे आपला देव नाही तेथे बरे कसे व्हावे, हीही शंका होती. म्हणून इस्पितळ झोपड्यांच्या वस्तीसारखे बांधले गेले, नातलगांना रोग्याजवळ राहण्याची मुभा मिळाली आणि इस्पितळाला दंतेश्वरी मातेचे नाव दिले गेले. हेमलकशात यजमानाने कपडे बदलले. शोधग्रामात इमारतीनेच कपडे बदलले. तत्त्व एकच.

येथवर वाचून एखादा चिकित्सक वाचक म्हणेल, की हे सर्व अरण्याचे गौरवगान झाले. त्याची शंका रास्त आहे, आणि तिचे समाधान अरण्यातच केले पाहिजे. ज्या माडिया गावात गोटुल सर्वांसाठी उघडे असते, त्याच गावाच्या कडेला कुर्माघर असते. ऋतुकाळात स्त्रीने गावाबाहेरच्या त्या झोपडीत राहावे, असा रिवाज आहे. तेथे पावसाळ्यात साप-विंचवाचे भय आणि थंडीत निवाऱ्याची वाण. अलीकडे काही गावांत या झोपड्यांच्या जागी सोयींनी युक्त पक्क्या खोल्या बांधल्या गेल्या; त्या चांगल्या झाल्या, पण बहिष्काराची जागा सुखकर केल्याने बहिष्कार संपतो काय, हा वाद उरतोच. तात्पर्य, निसर्गाच्या कुशीत राहणारा समाज म्हणून तो आपोआप सर्वांचे स्वागत करतो असे नाही. ‘सर्व’ या शब्दातून कोण गळले, हे प्रत्येक ठिकाणी नव्याने पाहावे लागते.

आणि गळण्याच्या बाबतीत आपला मराठी मुलूख कोणाहून मागे नाही. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांस खुले असावेत, असे त्यात म्हटले होते. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे सार्वजनिक झाले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो सहकारी त्या तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा मात्र त्यांच्यावर हल्ला झाला आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. खटला चालला तो उच्च न्यायालयाच्या १९३७ सालच्या निकालापर्यंत. जागा सार्वजनिक असल्याचे पाटीने ठरत नाही, ठरावाने ठरत नाही. ज्याला आजवर येऊ दिले नाही तो तेथे निर्भयपणे ओंजळ भरू शकतो काय, यावर ठरते, हे महाडने कायमचे शिकवून ठेवले आहे. हेमलकसा आणि महाड या एकाच धड्याच्या दोन बाजू आहेत. महाडला वंचिताने पुढे पाऊल टाकले आणि यजमानाने काठी उगारली. हेमलकशाला यजमानाने आधी आपले हात रिकामे करून दाखवले.

आता शहराकडे वळून मूळ प्रश्नाला भिडले पाहिजे. मध्यमवर्गीय कुटुंबांची भीती काल्पनिक आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुलींना रस्त्यात त्रास होतो. दारुडे बाकांवर पडलेले असतात. वृद्धांना धक्काबुक्कीचे भय असते. ज्या आईची मुलगी संध्याकाळी शिकवणीहून एकटी येते, तिला तत्त्वज्ञान सांगून समाधान होणार नाही. प्रश्न इतकाच आहे, की भिंत, कुलूप आणि पहारेकरी यांनी हे भय जाते काय?

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतील स्त्रियांच्या वावराचा अभ्यास करून २०११ साली ‘व्हाय लॉइटर’ हा इंग्रजी ग्रंथ लिहिला. शहरात स्त्रीला नुसते असण्याची मुभा नसते, तिला सतत काहीतरी कामासाठी बाहेर पडल्याचे दाखवावे लागते, हे त्यांनी बारकाईने दाखवून दिले आहे. त्यांचा पुढचा सिद्धांत अधिक महत्त्वाचा आहे. स्त्रियांच्या सुरक्षिततेच्या नावाखाली गरीब, परप्रांतीय, परधर्मीय पुरुषांना जागेतून हुसकावले, तर स्त्रिया मोकळ्या होत नाहीत. निष्कारण रेंगाळण्याचा हक्क सर्वांना मिळाला तरच तो स्त्रीलाही मिळतो. आम्हांस हा सिद्धांत पटतो, आणि हेमलकशाने तो अधिकच पटतो. माडिया रोगी मोकळा झाला तो आपले येण्याचे कारण सिद्ध करून नव्हे. उघड्यावर चाललेले काम दुरून पाहत उभे राहण्याची त्याला मुभा होती. चार दिवस दुरून पाहावे, पाचव्या दिवशी जवळ यावे, हा त्याचा अधिकार कोणी हिरावला नाही. बंद दाराच्या दवाखान्यात असे रेंगाळता आले नसते.

सुरक्षिततेविषयी अमेरिकेतील जेन जेकब्स या विदुषीने १९६१ साली मांडलेला विचारही याच दिशेचा आहे. रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः पोलिसांमुळे नव्हे, तर दुकानदार, येणारे-जाणारे आणि खिडकीतून पाहणारे शेजारी यांच्या नजरेमुळे, असे तिचे म्हणणे. हे आपल्या आज्यांना निराळे सांगावे लागले नसते. ओट्यावर बसलेली एक म्हातारी गल्लीचे जितके रक्षण करी तितके चार पहारेकरी करीत नसत. या दृष्टीने फेरीवाला हा बागेचा शत्रू नसून तिचा बिनपगारी राखणदार असतो. रात्री नऊ वाजता कोपऱ्यावर भाजलेले दाणे विकणाऱ्याचा दिवा लागलेला असेल तर त्या कोपऱ्यावरून मुलगी निःशंकपणे जाते. त्याला हुसकावून कोपरा ‘स्वच्छ’ केला की तोच कोपरा तिला भयाण वाटतो.

मुंबईत याचे एक सुंदर उदाहरण आहे आणि ते रोज हजारोंच्या डोळ्यांपुढे असते. दादरचे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले झाले. १९२७ साली त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. त्याच्या सभोवार एक ठेंगणा कट्टा आहे. वस्तुतः ती मैदानाची सीमाच; परंतु तिची उंची माणसाला अडवण्याइतकी नाही, बसण्याइतकी आहे. त्या कट्ट्यावर निवृत्त गृहस्थ बसतात, महाविद्यालयातली मुले-मुली बसतात, खेळून दमलेली पोरे बसतात, आणि काही काम नसलेली माणसेही बसतात. एवढ्या माणसांच्या डोळ्यांदेखत मैदान सुरक्षित राहते. तीच सीमा दोन पुरुष उंच केली असती आणि वर काचा लावल्या असत्या, तर आतली माणसे भिंतीच्या भरवशावर राहिली असती आणि बाहेरची माणसे भिंतीच्या सावलीत. भिंत आणि कट्टा यांत विटांचा फरक फार नाही, हेतूचा आहे.

यावरून काही अगदी साध्या गोष्टी निष्पन्न होतात, आणि त्यांना मोठा खर्चही लागत नाही. बागा दुपारी उघड्या असाव्यात. कारण सावली दुपारीच हवी असते. पिण्याचे पाणी असावे. स्त्रियांसाठी स्वच्छ आणि विनामूल्य मुतारी असावी. मुंबईत २०११पासून स्त्रियांनी या हक्कासाठी चळवळ चालवावी लागावी, ही गोष्ट नगरपित्यांना भूषणावह नाही. बाकांच्या मध्ये लोखंडी दांडे घालून झोपणाऱ्यास अडवण्यापेक्षा थकलेल्याला आडवे होऊ द्यावे. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे, सूचनेची पाटी लिहिताना ती पाटी ज्याच्यासाठी लिहावयाची त्याला एकदा विचारावे. शोधग्रामात बंग दांपत्याने तेवढेच केले.

हेमलकशातील तो दवाखाना आता झाडाखालचा राहिलेला नाही; इमारती वाढल्या, वीज आली, काम पुढच्या पिढीच्या हाती गेले. भोवतालच्या मुलखाने मधल्या काळात नक्षलवादी आणि पोलीस यांच्या बंदुकांमधले दीर्घ भय सोसले. अशा मुलखात एक अंगण असे राहिले, की जेथे येणाऱ्याला प्रथम त्याचे दुखणे विचारले जाते. ‘प्रकाशवाटा’चे श्रेष्ठत्व त्या अंगणाची हकीकत खोट्या रंगाशिवाय नोंदवण्यात आहे. तिची अपूर्णताही आम्ही सांगितली आहे. ती लेखकाने भरून काढण्यासारखी नाही. त्या अंगणात रोगी म्हणून आलेल्या, त्या शाळेत शिकलेल्या एखाद्या माडिया मुलीने वा मुलाने आपल्या बाजूने ती हकीकत लिहावी, म्हणजे हे चित्र पुरे होईल. त्या पुस्तकाची मराठी वाङ्मय वाट पाहत आहे.

तोवर वाचकांनी ‘प्रकाशवाटा’ पुन्हा एकदा वाचावे, परंतु थोर पुरुषाचे चरित्र म्हणून नव्हे. आपल्या आळीतील बाग, आपल्या गृहसंस्थेचे आवार, आपल्या घरचा जिना यांच्याविषयीचे पुस्तक म्हणून ते वाचावे. आणि वाचून झाल्यावर, आपल्या दाराशी कोण घुटमळतो आणि कशाला भितो, हे एकदा पाहावे.